‘नोकरी सांभाळून जीएनएम’ नावाचा कोर्स कुठेही नाही

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीत घराघरातलं घड्याळ शिफ्टवर चालतं. 2920 मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रात तिन्ही पाळ्यांना माणसं जातात आणि त्या पाळ्या करत करतच अनेकांनी शिक्षण पुरं केलेलं असतं. आयटीआय करून लागलेला तंत्रज्ञ अर्धवेळ डिप्लोमा करतो, पुढे बढतीही घेतो. त्यामुळे चंद्रपुरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) म्हणून काम करणाऱ्या मुलीला सल्ला घरातूनच मिळतो : ‘नोकरी कशाला सोडतेस? ड्युटी सांभाळून जीएनएम करून टाक.’

सल्ला मायेचा असतो आणि साफ चुकीचा असतो. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसूतिविद्येची पदविका, अर्धवेळ होत नाही, पत्राद्वारे होत नाही, ऑनलाइन होत नाही आणि फक्त रविवारी तर नाहीच नाही.

आधी शिडी नीट पाहू. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते ती एएनएम म्हणूनच. ‘आरएन, आरएम’, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका, ही नोंदणी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर मिळते. जीएनएम तीन वर्षांचा. एएनएमची दोन वर्षं त्यातून वजा होत नाहीत. पहिल्याच वर्षाला बसावं लागतं. हे अन्यायाचं वाटू शकतं, आणि त्यावर वाद घालायला जागाही आहे. पण आजचा नियम तसा आहे आणि एजंट काहीही सांगो, तो बदलत नाही.

पूर्णवेळ का, तर हा अभ्यासक्रम मुळात वॉर्डात शिकायचा आहे. विद्यार्थिनीच्या केसबुकात तिने तपासलेल्या गरोदर बाया, तिने स्वतः केलेल्या प्रसूती, तिने सांभाळलेली नवजात बाळं यांची एकेक नोंद असते आणि नोंदीखाली देखरेख करणाऱ्याची सही असते. प्रात्यक्षिकांचे तास शंभर टक्के भरल्याशिवाय पदविका मिळत नाही, असं भारतीय परिचर्या परिषदेचा अभ्यासक्रम सांगतो. सकाळी आठ ते दोन एका दवाखान्यात पगारी ड्युटी करणारी मुलगी त्याच वेळी दुसऱ्या रुग्णालयाच्या वॉर्डात शिकाऊ म्हणून हजर कशी राहील? हा साधा प्रश्न कुणी विचारत का नाही, याची चीड येते.

विचारत नाहीत म्हणून दलालांचं फावतं. ‘परीक्षेपुरतं या, हजेरीचं आम्ही बघतो, कॉलेज बाहेरच्या राज्यात आहे.’ बाहेरच्या राज्यात काय चालतं, ते विदर्भाच्या शेजारीच दिसलं. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने 308 नर्सिंग महाविद्यालयं तपासली. 2024 मध्ये आलेल्या अहवालात त्यांतली 66 अपात्र ठरली आणि आणखी 73 मध्ये त्रुटी निघाल्या. तिथे शिकणाऱ्या मुलींची वर्षं आणि पैसे, दोन्ही अडकले. शिवाय खोटी हजेरी लपतही नाही. ज्या तीन वर्षांत भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात चंद्रपूरच्या नोकरीची रक्कम दरमहा जमा झाली, त्याच तीन वर्षांची पूर्णवेळ पदविका सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत पुढे ठेवायची, तर तिथल्या प्रश्नांना उत्तर काय देणार? प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव राज्याच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहावं. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो म्हणजे यादी नव्हे.

गोंधळात भर घालतात ते अमेरिकेतले व्हिडिओ. तिथे ‘एलपीएन’ या खालच्या पायरीवरच्या नर्ससाठी ‘आरएन’ होण्याचे ब्रिज कोर्स खरोखर आहेत. आधीच्या शिक्षणाचा काही भाग मोजला जातो आणि थिअरी ऑनलाइनही करता येते. प्रात्यक्षिक मात्र तिथेही रुग्णाच्या खाटेशेजारीच करावं लागतं.

दुसरा गैरसमज अनुभवाचा : पंधरा वर्षं काम केलं की एएनएमची आपोआप स्टाफ नर्स होते. अनुभवाची किंमत या भागाला कुणी सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि 39 गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. ‘लॅन्सेट’ने 1999 मध्ये हे छापलं. म्हणजे कसब पदविकेवाचूनही येतं. पण नोंदणी शिक्षणावर होते, सेवेच्या वर्षांवर नाही. जिल्हा परिषदेतली आरोग्य सेविका, म्हणजे एएनएमच, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन बढतीने आरोग्य सहायिका होते, तीही नोंदणीकृत परिचारिका ठरत नाही. पगारात हा फरक लख्ख दिसतो : सातव्या वेतन आयोगात आरोग्य सेविकेची सुरुवात 25,500 रुपयांवर, अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, 35,400 वर.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पस्तिशी उलटली, आता प्रवेश नाही.’ जीएनएमला 35 वर्षांची मर्यादा आहे खरी, पण नोंदणीकृत एएनएमला ती लागू नाही.

‘बारावी आर्ट्सवाल्यांना जीएनएम नाही.’ आहे. विज्ञानाची अट बीएस्सी नर्सिंगला आहे.

‘बीएस्सीवालीच खरी रजिस्टर्ड.’ जीएनएमचीही नोंदणी आरएन, आरएम म्हणूनच होते.

‘रुग्ण सहायकाचं प्रमाणपत्र घेतलं की नर्स.’ त्यावर परिचर्या परिषद नोंदणी देत नाही.

मग नोकरी करता करता शिकणं शक्यच नाही का? शक्य आहे, पण जीएनएमच्या नंतर. सेवेत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी इग्नूने 1994 पासून पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचा तीन वर्षांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम चालवला. बारावी आणि जीएनएम झालेली, नोंदणीनंतर दोन वर्षं काम केलेली परिचारिका त्याला पात्र ठरते. संपर्कवर्ग आणि प्रात्यक्षिकं त्यातही चुकत नाहीत. ‘ड्युटी करून नर्सिंगची डिग्री घेतली’ असं ज्या सिस्टर सांगतात, त्या बहुधा याच वाटेने गेलेल्या असतात. ऐकणारी एएनएम तेवढं वाक्य उचलते. त्या सिस्टरने आधी पूर्णवेळ दिलेली तीन वर्षं तिला कुणी सांगतच नाही.

ती तीन वर्षं पगाराविना काढायची असतात, तेव्हा तयारी पैशांपासून करावी लागते. सरकारी सेवेतल्या एएनएमने अध्ययन रजेचा अर्ज प्रवेशाआधीच द्यावा. ही रजा मागता येते, पण हक्काची नसते, मंजूर होईलच असं नाही. खासगी दवाखान्यातलीला बहुतेक वेळा राजीनामाच द्यावा लागतो. राजीनाम्यासोबत अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, आणि त्या तीन वर्षांत एएनएमच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नये.