आधी एमएस की आधी पीस कोअर?

तुमची मुलगी पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करायचं म्हणतेय आणि दोन वर्षं आफ्रिकेतल्या खेड्यात कामालाही जायचं म्हणतेय? "आधी डिग्री पूर्ण कर" असं लगेच सांगू नका.

पीस कोअर ही अमेरिकी सरकारची १९६१पासूनची स्वयंसेवक योजना. तिच्यात १९८७ ते २०१६ दरम्यान 'मास्टर्स इंटरनॅशनल' नावाची सोय होती. आधी काही काळ वर्गात शिकायचं, मग २७ महिने परदेशात (त्यातले तीन प्रशिक्षणाचे), मग परत येऊन पदवी पूर्ण करायची. गावच्या पाण्याचं काम हाच प्रबंधाचा विषयही होऊ शकायचा. पण गावाला हवा असतो चालू पंप आणि आपल्याला हवे असतात नमुने! ही ओढाताण अशा कामात असतेच.

आता रस्ता उलटा आहे. आधी सेवा, मग 'कव्हरडेल फेलो' म्हणून सहभागी विद्यापीठात आर्थिक मदतीसह पदव्युत्तर शिक्षण, सोबत अमेरिकेतल्याच गरजू वस्तीत इंटर्नशिप. सेवेनंतर कितीही वर्षांनी अर्ज करता येतो. मला हाच क्रम बरा वाटतो, कारण संशोधनाचा प्रश्न गावातूनच घेऊन येता येतो.

एक अट मात्र कडक: अमेरिकी नागरिकत्व. ग्रीन कार्ड चालत नाही, एफ-१ व्हिसा तर नाहीच. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना हे दार बंद आहे. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना मात्र उघडं.