पोरांचं ॲडमिशन झालं, आता लॅपटॉप कोणता? दुकानात जाण्याआधी एवढं वाचा

सीईटीचा किंवा नीटचा राउंड लागला, की तालुक्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ठरलेली मंडळी दिसतात. बाप, पोरगं किंवा पोरगी आणि सोबत 'त्यातलं कळणारा' एखादा चुलतभाऊ. दुकानदार विचारतो, "बजेट किती?" बाप आकडा सांगतो आणि त्या आकड्यात बसणारं मशीन समोर येतं. कोर्स कोणता, त्यात कोणतं सॉफ्टवेअर चालवायचं, हे कुणी विचारतच नाही.

आमच्याच घरचं सांगतो. पुतण्या डिप्लोमा करून मेकॅनिकलच्या थेट दुसऱ्या वर्षाला लागला. कांद्याचे पैसे नुकतेच आले होते, सेलही चालू होता. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि सगळ्यात खालच्या वर्गातला प्रोसेसर असलेला लॅपटॉप आम्ही हौसेनं घेतला. दोन महिन्यांनी वर्गात डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं, ते त्यात मावेचना. विकायला गेलो तर निम्मे पैसेही येईनात. दुसरा हप्त्यावर घ्यावा लागला. यात चूक दुकानाची नव्हती, आम्ही चौकशीच केली नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोर्स, मग सॉफ्टवेअर, शेवटी मशीन.

पहिला महिना जाऊ द्या

ॲडमिशन झालं त्याच आठवड्यात लॅपटॉप लागतो, असं जवळपास कुठल्याच कोर्समध्ये नसतं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष गणित, फिजिक्स, ड्रॉइंग आणि थोडं प्रोग्रामिंग यात जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर असतात आणि महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही बहुतेक वेळा तिथंच असतं. महिनाभर मोबाईल आणि लॅबवर भागवा. त्या काळात त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन पोरांना विचारा, "तुम्ही रोज काय वापरता? काय घेऊन पस्तावलात?" सीनियरचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं निघतं.

इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर: इथंच मशीन दमदार लागतं

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर या शाखांत चित्रं काढणारी जड सॉफ्टवेअर असतात. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही दोन विंडोजसाठीच बनलेली आहेत. म्हणजे ॲपलचा लाखाचा लॅपटॉप घेतला तरी ती त्यावर सरळ चालत नाहीत. क्रोमबुकवर तर ती इन्स्टॉलच होत नाहीत. या शाखांसाठी विंडोज, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि जमल्यास वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा. एकदम १६ जीबी झेपत नसेल तर ८ जीबीचा घ्या, पण रॅम नंतर वाढवता येते का हे घेतानाच विचारा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती पुढं वाढवता येत नाही.

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांचं वेगळं आहे. त्यांना ग्राफिक्स कार्डापेक्षा रॅम आणि चांगला कीबोर्ड कामाचा. मशीन लर्निंगचे छोटे प्रयोग गुगल कोलॅबवर फुकट होतात, त्यासाठी गेमिंग लॅपटॉप लागत नाही. ('प्रोजेक्टला लागतो' म्हणून गेमिंग लॅपटॉप मागणाऱ्या पोरांनो, हे घरात वाचून दाखवू नका!)

आता सॉफ्टवेअरच्या पैशाचं. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी शिकणाऱ्यांना ते फुकट देते. विद्यार्थी असल्याचा पुरावा द्यायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, तिच्यावर फक्त गणिताच्या आकाराची मर्यादा आहे. मॅटलॅब कॉलेजकडे नसेल तर सायलॅब किंवा ऑक्टेव्ह ही मोफत सॉफ्टवेअर बहुतेक तीच कामं करतात. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम अशी मोफत सॉफ्टवेअर छोट्या व्हिडिओंतून शिकवतो आणि त्यातले बरेच पाठ मराठीतही आहेत. इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी ही मोठी सोय आहे.

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी: मशीनपेक्षा सवय महत्त्वाची

एमबीबीएसला लॅपटॉप नसला तरी वर्षं निघतात. पीडीएफ वाचणं, आकृत्यांवर खुणा करणं, व्हिडिओ बघणं एवढंच काम असेल तर दहा-अकरा इंची टॅब पुरतो. पेन चालणारा असेल तर उत्तम. नर्सिंग आणि फार्मसीतही सुरुवातीला तेच. प्रोजेक्ट आणि प्रेझेंटेशनची वेळ आली की मग साधा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप बघा.

इथला खरा प्रश्न पाठांतराचा आहे. हाडं, नसा, औषधं, मात्रा, सगळं डोंगराएवढं. बहुतेक पोरं तेच पान तीन-तीनदा वाचतात आणि परीक्षेत मन कोरं होतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी संशोधकांनी यावर प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं निघाले.

अँकी हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करून घेतं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं करायची. आलं तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, नाही आलं तर लगेच पुन्हा समोर येतं. जगभर मेडिकलचे विद्यार्थी ते वापरतात. कॉम्प्युटरवर ते फुकट आहे. अँड्रॉइड मोबाईलवर 'अँकीड्रॉइड' नावानं फुकट मिळतं. आयफोनवर मात्र पैसे पडतात. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲपही असतात, तेव्हा नाव नीट बघा. इंटरनेट नसलं तरी ते चालतं, एसटीत बसल्या बसल्या चाळीस कार्डं होतात. एक अडचण आहे. चार दिवस सोडलं की कार्डं साठून दोन-तीनशे होतात आणि पोरं वैतागून ॲपच काढून टाकतात. रोज नवी दहाच कार्डं घेतली की झेपतं.

मेडिकलची पैसे भरून घ्यायची मोठी ॲपही आहेत. ती वाईट नाहीत, पण बरीचशी पुढच्या पीजी परीक्षेच्या तयारीसाठी बनवलेली असतात. पहिल्याच वर्षी तीन वर्षांचं पॅकेज घ्यायला लावणारा फोन आला तर आधी सीनियरला विचारा.

वकिली आणि सीए

लॉच्या विद्यार्थ्याला ८ जीबी रॅमचा कुठलाही बरा लॅपटॉप चालतो. त्यानं जपायचं ते जुन्या पीडीएफपासून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. कलमांचे नंबर बदलले: खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. प्ले स्टोअरवरची कितीतरी कायद्याची ॲप जुनीच आहेत. कायद्याचा मजकूर सरकारच्या 'इंडिया कोड' वेबसाइटवर फुकट आहे आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल कोर्टाच्याच ई-एससीआर पोर्टलवर मोफत बघता येतात.

एआयकडून निकाल शोधून घेणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटले कोर्टात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. कोर्टानं ५ हजार डॉलरचा दंड केला. एआयकडून अवघड गोष्ट सोप्या मराठीत समजून घ्या, तिथं ते फार चांगलं काम करतं. पण कलम, निकाल आणि मेडिकलवाल्यांनी औषधाची मात्रा मूळ पुस्तकातूनच घ्यायची.

सीएवाल्यांचा खर्च सगळ्यात कमी होऊ शकतो. इन्स्टिट्यूटचं अभ्यास साहित्य त्यांच्या वेबसाइटवर मोफत आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही मोफत होतात. टॅलीची शिकण्यासाठीची आवृत्ती फुकट मिळते, फक्त महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी तीत करता येतात. शिकायला तेवढं बास. एक्सेल मात्र मनापासून शिका, आर्टिकलशिपमध्ये तेच रोज लागतं.

जुना लॅपटॉप घ्यावा का?

घ्यावा, पण बघून. शहरात कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात, त्यातले काही नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असतात. फसवणूक होते ती 'आय सेव्हन आहे' या शब्दावर. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही झाली श्रेणी, प्रोसेसर किती जुना ते पिढीवरून कळतं. नंबर 'आय५-८२५०' असा असेल तर पिढी आठवी, '११३५' असेल तर अकरावी. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे चौथ्या पिढीचा आय सेव्हन स्वस्तात मिळाला तरी तो आजच कालबाह्य आहे. त्यापेक्षा अकराव्या पिढीचा आय थ्री बरा.

दुकानात मशीन चालू करायला लावा. खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये रॅम किती आणि डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, हे दोन मिनिटांत दिसतं. बॅटरीचा रिपोर्टही विंडोज काढून देतं. नवी असताना बॅटरीची क्षमता किती होती आणि आता किती उरली, हे त्यात लिहिलेलं असतं. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

'सगळं टाकून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध

दोनशे रुपयांत विंडोज, ऑफिस, ऑटोकॅड टाकून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. ते क्रॅक असतं. टाकताना तो अँटिव्हायरस बंद करतो, कारण अँटिव्हायरस त्याला पकडतो. मग त्याच लॅपटॉपवरून तुम्ही फी भरता, बँकेचा पासवर्ड टाकता. ऑफिससाठी कॉलेजचा ईमेल मिळाला की मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन आवृत्ती फुकट मिळते का, ते कॉलेजात विचारा. नाहीच मिळाली तर लिबरऑफिस आहे, मराठीतही चालतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.

लाइट, नेट आणि पैसे

गावात अभ्यास करायचा तर बॅटरी बघा. वजनदार गेमिंग लॅपटॉप लाइट गेल्यावर दीड-दोन तासांत मान टाकतो. यूएसबी-सी वरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर चांगल्या क्षमतेच्या पॉवर बँकवरही तो धकतो. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या घरात चांगला स्पाइक गार्ड घ्या.

हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की दिवसाचा डेटा सकाळीच संपतो, कारण विंडोज गुपचूप अपडेट ओढत बसतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. लेक्चर कॉलेजच्या वाय-फायवर डाउनलोड करून घरी बघा. आणि नोट्सची एक प्रत गुगल ड्राइव्हवर ठेवा, १५ जीबी जागा फुकट असते.

शैक्षणिक कर्ज काढत असाल तर लॅपटॉप विकत घेण्याआधीच बँकेत विचारा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्ससाठी लागणारा कॉम्प्युटर खर्चात धरता येतो. दुकानातून जीएसटीसह कोटेशन घ्या आणि अर्जासोबत जोडा. आधी रोखीनं घेऊन नंतर बिल दाखवलं तर अडचण होऊ शकते. 'बिनव्याजी हप्ता' असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि रोखीनं किंमत किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा.

बिलावर लॅपटॉपचा सीरियल नंबर हवाच. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी सांगितली असेल तर आपल्या गावच्या पिनकोडला ती लागू आहे का, हे कंपनीच्या टोल फ्री नंबरवर दुकानातूनच फोन करून विचारा. नसेल, तर जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघूनच कंपनी ठरवा.