भिशीचा नंबर आणि संत्र्याचा बहार

काटोलच्या बाजारपेठेत पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही, तो बहाराने येतो. थंडीच्या अखेरीस फुलणाऱ्या आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात आणि पावसाच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराची त्यापुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू होते, तेवढाच काय तो आधार. जूनमध्ये दुकानातून उधारीवर गेलेले बियाणे, खत, किराणा आणि कापड यांचे रुपये गल्ल्यात परत येतात ते कापूस विकला गेल्यावर किंवा बाग व्यापाऱ्याला ठोक्याने दिल्यावर. परंतु मुलाच्या नागपूरच्या वसतिगृहाचे शुल्क, विजेचे देयक, सासूबाईंची औषधे यांना बहाराची कल्पना नसते. ती दरमहा दारात उभी राहतात.

व्यापारी घरांतील स्त्रियांची भिशी या फटीत उभी आहे. पुरुषांनी तिच्याकडे पुष्कळ वर्षे एक हौस म्हणून पाहिले. बायका जमतात, खातात-पितात, गप्पा करतात आणि थोडे पैसे इकडून तिकडे करतात, एवढीच तिची दुकानातली ओळख. वस्तुतः ज्या महिन्यात वसुली होत नाही त्या महिन्यात घाऊक व्यापाऱ्याचे देणे वेळेवर गेले, तर त्यातली काही रक्कम कोणाच्या भिशीतून आली हे त्याच पुरुषाला उत्तम ठाऊक असते. तो ते चारचौघांत सांगत नाही, इतकेच.

भिशीचे गणित आपल्या घरांना नवीन नाही, तरी एकदा मांडून पाहू. समजा, बारा जणी आहेत आणि हप्ता महिन्याला २,००० रुपये आहे. दर महिन्याला २४,००० रुपये जमतात आणि चिठ्ठीत जिचा नंबर निघेल ती ते उचलते. बारा महिन्यांत प्रत्येकीने २४,००० भरलेले असतात आणि प्रत्येकीला २४,००० मिळालेले असतात. कोणाला नफा नाही, कोणाला तोटा नाही, असे आपण सहज म्हणतो. पण व्यापाऱ्याच्या लेकीला ते पटू नये. पहिल्या महिन्यात भिशी उचलणारी बिनव्याजी कर्ज घेते आणि बाराव्या महिन्यात उचलणारी बिनव्याजी ठेव ठेवते. वर्षाला सहा टक्के दर धरला, तर शेवटचीने सोडलेले व्याज सुमारे ६६० रुपये होते. तेवढेच पहिलीच्या पदरात पडते. म्हणजे भिशीत नवा पैसा कोणी घालत नाही. बारा जणींचाच पैसा फिरतो आणि त्याबरोबर वेळ हातोहात जाते. जिला घाई आहे तिला वेळ मिळते, आणि जिला थांबता येते ती ती देते.

बैठक बहुधा दुपारी चारच्या सुमारास ठेवतात, कारण सूर्यास्तापूर्वी चहा-फराळ उरकायचा असतो. घरातल्या सर्वांत लहान मुलाला चिठ्ठी उचलायला बोलावतात. ते मूल आपल्या आईचीच चिठ्ठी काढील अशी सर्वांना लटकी भीती असते. पर्युषणात कोणाचे एकासन, कोणाचा उपवास. त्या महिन्यात ताटे निघत नाहीत, पण वही निघते. फराळाला सुट्टी असते, हप्त्याला नसते. एकाच सतरंजीवर वहिनी, भाभी, काकू आणि कोणाची तरी नव्याने आलेली सूनबाई बसलेली असते. नव्या सुनेला या गावात स्वतःच्या नावाने ओळख मिळते ती बहुधा याच वहीत. तोवर ती अमक्यांच्या दुकानची धाकटी सून असते.

चिठ्ठी ही मात्र केवळ सुरुवात होय. भिशीचे खरे काम चिठ्ठी निघण्याच्या आधी आणि नंतर चालते. जिला गरज आहे ती बैठकीत बोलत नाही. ती दोन दिवस आधी वही सांभाळणाऱ्या काकूंकडे काहीतरी निमित्त काढून जाते. पापडाचे पीठ कसे झाले, मुलीचा निकाल कधी, असे इकडचे तिकडचे बोलणे होते आणि उंबरठ्यावर चपला घालता घालता शब्द निघतो, "या महिन्यात जमेल का हो?" काकू कारण विचारत नाहीत. कारण न विचारणे हीच त्यांची योग्यता, आणि म्हणूनच वही त्यांच्याकडे असते. मग त्या आणखी एका घरी जातात, तिथेही कारण सांगत नाहीत. चिठ्ठी निघते, कोणाचे तरी नाव वाचले जाते आणि ती हसून म्हणते, "मला आत्ता काय घाई, हिला द्या." ऐकणाऱ्या दहाजणींना बरेचसे उमगलेले असते, तरीही फराळाच्या ताटावरून विषय साडीच्या काठाकडे वळतो. आपल्या समाजात पत हा फार मोठा शब्द आहे आणि एखाद्या दुकानाची पत अशा संध्याकाळी कोणाच्या तरी मौनावर टिकून राहिलेली असते.

नंबर सोडणारीही फार सुखात असते असे नाही. तिच्या घरीही उधारीची वही जाड झालेली असते. अलीकडच्या वर्षांत काटोल-नरखेड भागात संत्र्याच्या फळगळीने अनेक बागा निम्म्यावर आणल्या. त्यात बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्याने आयात शुल्क २०१९ मधील किलोमागे सुमारे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेले. ढाक्यात शुल्क वाढले की काटोलच्या मंडीत भाव उतरतो. भाव उतरला की बागाईतदार दुकानदाराला म्हणतो, "शेटजी, पुढच्या बहाराला पाहू." आणि मग चार घरांपलीकडे भिशीत एकाच महिन्याला दोघींना पैसे हवे असतात. कोणाची निकड मोठी हे ठरवण्याचे कोष्टक कुठे छापलेले नाही. मुलीचे लग्न आणि नवऱ्याची शस्त्रक्रिया यांत निवड सोपी आहे. दुकानाचे देणे आणि मुलाचा प्रवेश यांत ती सोपी नाही. अशा वेळी कधीकधी चिठ्ठीत नाव आलेली तिसरीच आपली रक्कम दोघींत वाटून देते आणि स्वतः मागे सरकते. अशा व्यवहाराचा हिशेब ठेवणे वहीला जड जाते. दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले सापडते.

याच्या उलट बाजूवरही बोलले पाहिजे. लवकर भिशी उचलून पुढचे हप्ते थकवणारी घरे असतात. त्यातल्या बहुतेकींच्या मनात कपट नसते. वर्ष बुडालेले असते. पहिला हप्ता चुकतो तेव्हा ती फोन करते, दुसरा चुकतो तेव्हा ती बैठकीला येत नाही, तिसऱ्याला मंदिरातही ती वेगळ्या वेळी जाऊ लागते. पैशांपेक्षा हे तुटणे अधिक लागते. शहाण्या भिशीत अशा वेळी उरलेल्या जणी थकलेली रक्कम आपसांत वाटून घेतात आणि तिला बैठकीला यायला सांगतात. हप्ता नंतर दे, पण चहाला ये. हे सर्वत्र घडते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

बोलीच्या भिशीविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. तिथे चिठ्ठी नसते. जी सर्वांत जास्त रक्कम सोडील तिला भिशी मिळते. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्यात एखादीने ३,३०० रुपये सोडले आणि ते उरलेल्या अकरा जणींना प्रत्येकी ३०० याप्रमाणे वाटले, असे धरा. स्वतःचा हप्ता वजा जाता तिच्या हाती १८,७०० पडतात आणि पुढे तिला अकरा महिने २,००० भरायचे असतात. पुढे दुसऱ्या कोणी काही सोडले नाही, तर हे व्याज दरमहा जवळजवळ पावणेतीन टक्के बसते. सावकारी म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो त्याच्या हे फार लांब नाही, आणि ते घेणाऱ्या मैत्रिणी असतात. शिवाय मोठ्या रकमांच्या भिश्या कोणी धंदा म्हणून चालवू लागला, की प्रश्न मैत्रीचा उरत नाही. १९८२ च्या चिट फंड कायद्यानुसार चिट सुरू करण्याआधी राज्य शासनाची परवानगी आणि नोंदणी लागते, चालकाला तारण ठेवावे लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कमिशनाची मर्यादा सात टक्के आहे. "ओळखीचे आहेत" हे त्या कागदपत्रांचे उत्तर नव्हे.

भिशीला दोन मोठे धक्के आपण पाहिले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यातली, साड्यांच्या घडीतली बायकांची शिल्लक एका रात्रीत घरासमोर उघडी पडली. पुष्कळ घरांत नवऱ्याला प्रथमच कळले की बायकोजवळ किती होते. दुसरा धक्का मार्च २०२० चा. दारे बंद झाली आणि हप्ता फोनवरून जाऊ लागला. सोय झाली यात वाद नाही. पुण्याला गेलेली सून आता तिथूनच काटोलच्या भिशीत राहते. परंतु फोनवर हप्ता येतो तेव्हा तो भरणारीचा चेहरा येत नाही. चपला घालता घालता विचारायचा प्रश्न विचारायला उंबरठाच राहत नाही. म्हणून काही ठिकाणी पैसे फोनवरून आणि बैठक मात्र घरीच, असा मध्यम मार्ग निघाला आहे, तो मला रास्त वाटतो.

आपल्या दुकानाच्या फळीपलीकडे उभ्या असलेल्या स्त्रियांचीही अशीच व्यवस्था आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कापूस वेचणाऱ्या, संत्री निवडणाऱ्या स्त्रियांचे बचत गट आपल्याच उधारीच्या वहीतल्या घरांचे असतात. महिला आर्थिक विकास महामंडळ २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरातील ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि तिथून ही चळवळ गावोगाव पसरली. दहा ते वीस जणी, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर फेड आणि लिहिलेला हिशेब. भिशी बाराव्या महिन्यात रिकामी होऊन पुन्हा शून्यापासून सुरू होते. गटाची शिल्लक मात्र वाढत जाते, आणि त्या शिलकीवर बँक कर्ज देते. पैशाची भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांनी ही एक गोष्ट त्या मजूर बायकांकडून घ्यावी. भिशीच्या हप्त्यातले शंभर रुपये बाजूला काढून बारा जणींच्या संमतीने बँकेत वेगळे ठेवले, तर वर्षाला १४,४०० होतात. फळगळीच्या वर्षी एखादीचे सात हप्ते थकले, तर बाकीच्यांच्या खिशाला हात न लावता त्यातून निघतात.

दिवाळीत नवी वही पुजली जाते. पाडव्यानंतरच्या पहिल्या बैठकीला नव्या भिशीची नावे लिहितात. हप्ता दोन हजार ठेवायचा की अडीच, यावर थोडी घासाघीस होते. ज्यांची आंबियाची वसुली झाली त्या अडीच म्हणतात, ज्यांची मृगावर आहे त्या गप्प बसतात. काकू ते पाहतात आणि दोनच हजार लिहितात.