परदेशी कंपनी म्हणजे नेमकी कोणती?

आजचा विषय एका पाटीपासून सुरू होतो.

राजाजीनगरच्या इंडस्ट्रियल टाउनमध्ये माझ्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले आहेत. मूळचे बेळगावचे. दोन सीएनसी मशिनं, एक मिलिंग, अकरा माणसं. एका जर्मन कंपनीला लागणारे छोटे पार्ट ते बनवून पाठवतात. काम चोख, त्यामुळे तिकडच्या लोकांचा विश्वास बसला आणि एक दिवस विचारणा झाली, भारतात आमचं काम तुम्हीच का बघत नाही? यांना आनंद झाला. गेटवर आपल्या पाटीखाली त्या कंपनीच्या नावाची दुसरी पाटी लावली, खाली लिहिलं 'इंडिया ऑफिस'. कार्ड छापलं, त्यावर 'इंडिया हेड'. तिकडून दरमहा ऑफिस खर्चाचे पैसे येऊ लागले. सहा महिने सुरळीत गेले. सातव्या महिन्यात बँकेनं पैसे अडवले आणि एकच प्रश्न विचारला: हे ऑफिस कोणत्या परवानगीखाली चालतं?

ते संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "काय ओ सर, पाटी लावली म्हणून गुन्हा झाला काय? पगाराची तारीख आलीय माझी."

गुन्हा झाला नव्हता, पण त्या दिशेनं चार पावलं पडली होती. आणि तीही फक्त शब्दांमुळे. 'परदेशी कंपनी', 'ऑफिस', 'एजंट' हे शब्द आपण सहज वापरतो. कायद्यात त्या प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे, आणि गंमत म्हणजे प्रत्येक कायद्यात तो वेगळा आहे.

मालक कोण, की नोंदणी कुठे?

आधी सर्वांत मोठा गैरसमज काढू. गोरा मालक म्हणजे परदेशी कंपनी, असं नाही. आपल्या बेंगळुरूची बॉश लिमिटेड घ्या. जुने लोक तिला अजून मायको म्हणतात. बहुतांश भांडवल जर्मन, पण कंपनी १९५१ साली भारतात नोंदलेली. म्हणून कंपनी कायद्याच्या दृष्टीनं ती भारतीय. मुंबईची हिंदुस्तान युनिलिव्हरही तशीच.

आता उलटं उदाहरण. वेदांता समूहाचे प्रमुख अनिल अग्रवाल भारतीय नागरिक. पण समूहाची मूळ कंपनी वेदांता रिसोर्सेस इंग्लंडमध्ये नोंदलेली. तिच्या इथल्या कंपन्यांनी, त्यात आपल्या गोव्याची सेसा गोवाही होती, राजकीय पक्षांना देणग्या दिल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मालकाचं नागरिकत्व बघायचं नाही. मूळ कंपनी परदेशात नोंदलेली आहे, म्हणून परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली या इथल्या कंपन्याही 'परदेशी स्रोत' ठरतात. पुढे संसदेनं २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून ती व्याख्याच मागील तारखेपासून बदलली. पण मुद्दा लक्षात घ्या. सेसा गोवा कंपनी कायद्यात भारतीय, आणि त्याच वेळी देणग्यांच्या कायद्यात परदेशी स्रोत. एकच कंपनी, दोन कायदे, दोन उत्तरं.

म्हणून कुणी विचारलं की अमुक कंपनी परदेशी का, तर पहिला प्रतिप्रश्न हवा: कोणत्या कायद्यासाठी?

कंपनी कायदा काय म्हणतो

कंपनी कायदा २०१३ चं कलम २(४२) दोन गोष्टी मागतं. कंपनी भारताबाहेर नोंदलेली हवी, आणि तिचं भारतात 'व्यवसायाचं ठिकाण' असून इथे काही व्यावसायिक काम चाललेलं हवं. हे ठिकाण स्वतःचं असो, एजंटमार्फत असो, प्रत्यक्ष असो की इलेक्ट्रॉनिक मार्गानं असो. म्हणजे जर्मनीत बसून नुसता माल विकत घेणारी कंपनी या अर्थानं 'परदेशी कंपनी' नाही. ती फक्त परदेशातली कंपनी आहे. इथे ठिकाण झालं की ती कायद्याच्या टप्प्यात येते.

मग ३० दिवसांच्या आत कागदपत्रं निबंधकांकडे द्यायची. ऑफिसच्या बाहेर कंपनीचं नाव आणि ती कोणत्या देशात नोंदलेली आहे हे लिहायचं, इंग्रजीत आणि त्या भागातल्या भाषेच्या लिपीत. राजाजीनगरमध्ये म्हणजे कन्नडमध्ये. हे नियम मोडले तर कंपनीला १ लाख ते ३ लाख रुपये दंड, आणि चूक चालूच राहिली तर दिवसाला ५० हजारांपर्यंत आणखी. आमच्या मित्रांनी हौसेनं लावलेली पाटी, त्यांच्या नकळत, 'इथे आमचं ठिकाण आहे' असा कबुलीजबाब देत होती.

लायझन, ब्रँच, प्रोजेक्ट

आता बँकेचा प्रश्न. तो फेमातून आला, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यातून. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या नियमांत परदेशी कंपनीच्या ऑफिसचे तीन मुख्य प्रकार आहेत.

लायझन ऑफिस म्हणजे संपर्क कार्यालय. त्याला फक्त बोलायची परवानगी, कमवायची नाही. मूळ कंपनीची माहिती द्यायची, आयात-निर्यातीला चालना द्यायची, दोन्हीकडचे निरोप पोचवायचे. खर्च सगळा तिकडून आलेल्या पैशावर. मूळ कंपनी मागची ३ वर्षं नफ्यात हवी आणि तिची नक्त मालमत्ता किमान ५० हजार डॉलर हवी.

ब्रँच ऑफिस कमवू शकतं. आयात-निर्यात, सल्लासेवा, संशोधन चालतं, पण स्वतः उत्पादन करता येत नाही. त्यासाठी ५ वर्षं नफा आणि १ लाख डॉलर.

प्रोजेक्ट ऑफिस एका ठरावीक कामापुरतं. काम संपलं, ऑफिस संपलं.

चौथा मार्ग म्हणजे इथेच नवी कंपनी नोंदवायची, उपकंपनी. ती भारतीय कंपनी. तिला उत्पादनही करता येतं.

आमच्या मित्रांचं 'इंडिया ऑफिस' या चारांपैकी कशातच बसत नव्हतं. फेमा मोडला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. बँक उगाच घाबरली नव्हती.

पाटीवर काय आणि टेबलावर काय

इथपर्यंत नावांचं झालं. प्राप्तिकर खातं मात्र नाव बघत नाही, काम बघतं. त्यांचा शब्द आहे 'स्थायी आस्थापना'. दोन देशांमधल्या करकरारांत तो येतो. परदेशी उद्योगाची इथे स्थायी आस्थापना ठरली, तर तिच्यामुळे झालेल्या नफ्यावर भारतात कर. परदेशी कंपनीला हा दर ३५ टक्के आहे, वर अधिभार वेगळा. तो आधी ४० होता, २०२४ च्या अर्थसंकल्पात उतरवला.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. पहिला जेबॉन कॉर्पोरेशनचा, २०११ चा. कोरियन कंपनी, इथे लायझन ऑफिस. ऑर्डर थेट कोरियाला जायची, माल थेट ग्राहकाकडे यायचा, पैसे थेट तिकडे. कागदावर सगळं स्वच्छ. पण ग्राहक शोधणं, भाव ठरवणं, ऑर्डर द्यायला लावणं, वसुलीचा पाठपुरावा, हे सगळं इथली माणसं करत होती. न्यायालय म्हणालं, ही स्थायी आस्थापना आहे. रिझर्व्ह बँकेनं आक्षेप घेतला नाही, हा बचावही चालला नाही.

दुसरा नायकी कंपनीचा, २०१३ चा. तेही लायझन ऑफिस. इथल्या कारखान्यांकडून बूट-कपडे बनवून घेणं, दर्जा तपासणं, माल वेळेवर बाहेर जातो का बघणं. इथे विक्री नव्हती, निर्यातीसाठी खरेदी होती. न्यायालय म्हणालं, भारतात कर लागेल असं उत्पन्न इथे झालेलं नाही.

मुंबईचं एक उदाहरण देऊन हा भाग संपवतो. सॅमसंग हेवी इंडस्ट्रीजनं ओएनजीसीच्या वसई पूर्व प्रकल्पासाठी मुंबईत प्रोजेक्ट ऑफिस काढलं होतं. खात्यानं त्यावर कर लावला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं की त्या ऑफिसात दोनच माणसं होती, आणि मूळ कामाचं तांत्रिक ज्ञान दोघांनाही नव्हतं. ते फक्त पूरक काम करत होते. म्हणून स्थायी आस्थापना नाही.

आणि एजंट?

इथेच छोट्या माणसाचा पाय अडकतो. स्वतःच्या धंद्याचा भाग म्हणून अनेकांचं काम करणारा एजंट स्वतंत्र मानला जातो. पण एकाच परदेशी कंपनीसाठी, तिच्या नावानं, वारंवार करार पक्के करणारा माणूस स्वतःच तिची स्थायी आस्थापना ठरू शकतो. भारताच्या बऱ्याच करारांत नुसत्या ऑर्डर मिळवून देण्याची सवयही पुरते.

मी मित्रांना विचारलं, "तुम्ही त्यांच्यासाठी भाव ठरवत होता का?" ते थोडं थांबले. म्हणाले, "होय की. पुण्याच्या दोन पार्ट्यांशी मीच बोललो. ते म्हणाले तुम्हाला इथलं कळतं."

तेव्हा मी पाटी काढायला सांगितलंच, पण नुसती पाटी काढून भागणार नाही हेही सांगितलं. भाव ठरवणं थांबवायचं. 'इंडिया हेड'ची कार्डं बाद. दर्जा तपासणी आणि निरोप पोचवणं या सेवेचा लेखी करार करायचा, स्वतःच्या फर्मच्या नावानं बिल काढायचं. मागच्या सहा महिन्यांत काय केलं ते बँकेला लपवाछपवी न करता लिहून द्यायचं. आणि जर्मन कंपनीला कळवायचं की विक्री करायची असेल तर इथे उपकंपनी काढा.

पैसे सुटायला पाच आठवडे लागले. त्या महिन्याचे पगार त्यांनी घरातलं सोनं ठेवून केले.

तेव्हा परदेशातून 'आमचं तिकडचं काम बघा' असा निरोप आला, तर तीन प्रश्न विचारा. कंपनी कुठे नोंदलेली आहे? इथे नेमकं कोणतं काम होणार? आणि शेवटचा भाव कोण ठरवणार? तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय पाटी रंगवायला देऊ नका.

पुढच्या भागात बघू, उपकंपनी काढताना भागीदारीच्या कागदात काय वाचायचं. तोवर नमस्कार.