घाटमाथ्यावरचं चर्च: आत गेल्यावर काय होतं?

महाड-पोलादपूरकरांचं महाबळेश्वर ठरलेलं असतं. आंबेनळी घाटाने वर जायचं, वाटेत प्रतापगड करायचा, क्षेत्र महाबळेश्वरात पंचगंगेच्या गोमुखाखाली ओंजळ धरायची, बाजारात चणे आणि स्ट्रॉबेरी घ्यायची, वेण्णा तलावावर कणीस खायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. या फेरीत गावातलं होली क्रॉस चर्च येतं ते बाहेरून फोटो काढण्यापुरतं. आत जायला कुणी मनाई केलेली नसते, तरी पाऊल उंबऱ्याशी अडखळतं. चपला काढायच्या का, बसायचं कुठे, कुणी हटकलं तर सांगायचं काय आणि प्रसाद पुढे आला तर घ्यायचा की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग मंडळी पुढच्या पॉइंटकडे वळतात.

खरं तर महाबळेश्वरच्या या वस्तीशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. 1829 मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यांच्यात करार झाला, खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर कंपनी सरकारकडे गेलं आणि माल्कम पेठ वसली. होली क्रॉस हे कॅथलिक चर्च 1831 सालचं मानलं जातं, म्हणजे पेठ वसते न वसते तोच ते उभं राहिलं. त्या काळी मुंबईहून थंड हवेला निघालेले साहेब समुद्राने बाणकोटला यायचे, होडीने सावित्रीतून दासगाव-महाडपर्यंत आणि तिथून पोलादपूरवरून मेण्यात किंवा तट्टावर पार घाट चढायचे. पुढे गाडीरस्ता झाला, त्याला फिट्झजेराल्ड गव्हर्नराचं नाव मिळालं. तोच आपला आंबेनळी. आर्थर सीटवरून जी दरी दिसते ती सावित्रीचीच. चर्चच्या कारभारात मात्र घाटाने हद्द पाडली आहे: रायगड जिल्हा कॅथलिकांच्या मुंबई सरधर्मप्रांतात येतो, महाबळेश्वर पुणे धर्मप्रांतात.

आता आत जाऊ. रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा सामूहिक प्रार्थनाविधी, नसेल तेव्हा चर्च बहुधा शांत असतं आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तीच वेळ सोयीची. दाराशी पवित्र जलाचं छोटं भांडं असतं. भाविक त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात, पाहुण्याने करायलाच हवी असं नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओळीने चौदा चित्रं किंवा मूर्ती दिसतील. ती ‘क्रुसाची वाट’: येशूला मरणदंड सुनावल्यापासून त्याला थडग्यात ठेवेपर्यंतचे प्रसंग. वाचता न येणाऱ्यालाही कथा कळावी ही त्यामागची सोय आपल्याला नवी नाही, आपल्याकडे देवळांच्या भिंतींनी तेच केलं. वेदीजवळ एक दिवा सतत तेवत असतो. तो असला की पवित्र भाकर तिथल्या पेटीत ठेवलेली आहे असं समजायचं. भाविक तिच्यासमोर गुडघा टेकवतात तो म्हणूनच. चपलांचं म्हणाल, तर बहुतेक चर्चमध्ये त्या पायात चालतात, काही ठिकाणी वेदीपाशी जाताना काढतात. दारात चपलांची रांग आहे का ते पाहावं, उत्तर तिथेच मिळतं. पुरुष टोपी काढून हातात घेतात. कीर्तनाला डोकं झाकून बसायची सवय असलेल्या आमच्याकडच्या आजोबांना हे उलटं वाटेल. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी बायका पदर किंवा ओढणी डोक्यावरून घेतात, ते मात्र त्यांच्या चांगलंच ओळखीचं.

मिस्सेला बसायचं असेल तर मागचा बाक धरावा. पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. ते गुडघे टेकतील तेव्हा आपण नुसतं शांत बसलो तरी कुणाला वावगं वाटत नाही. आधी बायबलमधली वाचनं होतात. शुभवर्तमानाच्या वाचनाला सगळे उभे राहतात, त्यानंतर फादरचं प्रवचन. मध्येच शांतीचं अभिवादन येतं. युरोपात त्या वेळी शेजाऱ्याशी हात मिळवतात, आपल्याकडे दोन्ही हात जोडून चारी दिशांना नमस्कार करतात. 1969 पासून भारतातल्या कॅथलिक चर्चला उपासनेत अशा देशी रीती आणायला रोमची मान्यता आहे, आरतीसुद्धा त्यातच आली. त्याआधी शतकानुशतकं मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांची भाषा वेदीवर पोचली. थंड हवेच्या गावात मात्र मिस्सा इंग्रजी, हिंदी की मराठी, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

प्रसादाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे: घेऊ नये. वेदीपुढे रांग लागते, फादर एकेकाला पांढरी गोल चकती देतात. देवळातल्या प्रसादासारखं ते सगळ्यांत वाटायचं वाण नाही. कॅथलिक श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीर आहे, बाप्तिस्मा आणि त्यानंतरची तयारी झालेल्यांनीच ते घ्यायचं. अनोळखी पाहुणा रांगेत आला तर फादरही अवघडतात. आपण बाकावर बसून राहावं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. दानाची थैली फिरेल तेव्हा ती नुसती पुढे सरकवली तरी चालते.

आणि एक शंका, जी लोक मोठ्याने विचारत नाहीत. चर्चमध्ये तासभर बसल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिकांमध्ये प्रौढ माणसाने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तरी आधी कित्येक महिने शिकवण होते. लहान स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांत कुणी ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असं विचारील. नको असेल तर नको म्हणावं, विषय तिथे संपायला हवा. संपत नसेल तर उठून यावं, इतकं साधं आहे ते.

प्रोटेस्टंट उपासनेची चव वेगळी. क्रूस साधा, त्यावर मूर्ती नाही. फादरच्या जागी पाळक, मिस्सेच्या जागी उपासना, आणि गाणी भरपूर. मराठी मंडळीत गेलात तर पेटी-तबल्यावर चाललेलं भजन ऐकून गावातल्या भजनी मंडळाची आठवण येईल. याचं मोठं श्रेय मूळच्या कोकणातल्याच माणसाचं. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांत अडकलेल्या चर्चला अभंगाची नि कीर्तनाची वाट दाखवली. इथे एक तयारी ठेवावी: नव्या पाहुण्यांना कधी कधी उभं करून नाव-गाव विचारतात. महाडहून आलो म्हटलं की पुराची चौकशी होणार, हे धरून चालायचं. उपासना संपली की चहा येतो.

अशाच एका चहाने एकेकाळी पुणं हादरलं होतं. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. कुणी प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. त्यात लोकमान्य टिळकही होते, न्यायमूर्ती रानडेही. ख्रिस्त्यांकडे चहा घेतल्याचं हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. घोटभर चहासाठी एवढं रामायण झालं, याचं आज हसू येतं.

पण महाडच्या माणसाने फार हसू नये. 1924 मध्ये नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी दलितांना तिथलं ओंजळभर पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाचा 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्या दिवशी ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ एवढ्या अफवेवर त्यांच्या परिषदेला आलेल्या दलितांना मारहाण झाली. कागदावरचं खुलं आणि खरोखरचं खुलं यांतलं अंतर आपल्या गावाने मोजलेलं आहे. चर्चलाही तेच माप लावावं. दलित ख्रिस्ती गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की जात बाप्तिस्म्याने धुतली गेली नाही, ती बाकांपर्यंत आणि काही ठिकाणी दफनभूमीपर्यंत सोबत आली. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती त्यांना मिळत नाहीत, त्यावरची लढाई अजून चालू आहे. तेव्हा स्वागत कसं होतं ते पाहताना आपल्याला, पर्यटकांना, काय मिळालं एवढंच पाहू नये. शेवटच्या बाकावर कोण बसलंय आणि प्रवचनानंतर त्याच्याशी कोण बोलतंय, तेही बघावं.

जायचं तर कधी? मिस्सेच्या वेळा दारावरच्या फलकावर असतात आणि त्या हंगामाप्रमाणे बदलू शकतात, म्हणून शनिवारीच पाहून ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर पावसात वर काही दिसत नाही आणि दरड आली तर आंबेनळी बंद होतो. डिसेंबर उत्तम. नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा पाहायची असेल तर गर्दी धरून चाला, मागे उभं राहायची तयारी ठेवा आणि लोकरीचं काहीतरी अंगावर असू द्या, कारण महाडच्या हवेचा अंदाज वर उपयोगी नाही. मिस्सा उशिरा संपते. रात्रीच्या धुक्यात घाट उतरण्याच्या फंदात पडू नये, मुक्कामाची सोय आधीच करावी. नाताळच्या आठवड्यात ऐनवेळी खोली मिळणं कठीण असतं.