जुना लॅपटॉप घेताना

दहावी-बारावीचे निकाल लागले, की अंबडसारख्या तालुक्याच्या गावात एक नवा खर्च दारात येऊन उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी बी.सी.ए.ला, डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला जाते आणि पहिल्याच महिन्यात घरी सांगते, की लॅपटॉप लागेल. नव्या लॅपटॉपची किंमत ऐकून वडील गप्प होतात. मग आईच्या भिशीचा नंबर, कापसाच्या पट्टीतून उरलेले थोडे, मामाने दिलेले थोडे, असे जुळवून जुना लॅपटॉप घ्यायचे ठरते. यात कमीपणा काहीच नाही. जुनी मोटारसायकल आणि जुना ट्रॅक्टर घेऊन आपल्याकडे कित्येक संसार उभे राहिले आहेत. अडचण एवढीच, की हे पैसे पुन्हा लवकर जमणार नाहीत. म्हणून घेतलेले यंत्र निदान शिक्षण पुरे होईपर्यंत टिकले पाहिजे. ते कसे निवडावे, याविषयी आज थोडे बोलू.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. यंत्रशास्त्र मी शिकलेलो नाही. पण माझे लेखन कचेरीतून निघालेल्या एका जुन्या लॅपटॉपवर चालते. ते पाहून ओळखीची मुले मला बरोबर नेतात आणि जालन्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत मी त्यांच्याबरोबर जाऊन बसतो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. जुना लॅपटॉप पारखायला इंजिनिअर असावे लागत नाही. ज्याला बैल पारखता येतो, त्याला लॅपटॉपही पारखता येईल.

बैलबाजारात शिंगांचा रंग आणि गळ्यातले घुंगरू बघून कोणी पैसे मोजत नाही. आधी तोंड उघडून दात बघतात. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती, की जुळलेला? त्यावरून जनावर अजून किती वर्षे औताला चालेल, हे कळते. मग त्याला चालवून बघतात. भावाची गोष्ट त्यानंतर. लॅपटॉपच्या दुकानात मात्र आपण शिरल्याबरोबर भाव विचारतो. तिथे पहिला प्रश्न हाच हवा, की या यंत्राची किती वर्षे शिल्लक आहेत. समजा, एक लॅपटॉप पंधरा हजारांना मिळतो आणि वर्षभर चालतो. दुसरा बावीस हजारांना मिळतो आणि चार वर्षे चालतो. पहिला वर्षाला पंधरा हजारांना पडला, दुसरा साडेपाच हजारांना. स्वस्त कोणता, हे सांगायला नको.

आमच्या गल्लीत शिंपीकाम करणाऱ्या एका चाचांनी मुलीसाठी असाच एक लॅपटॉप आणला होता. वरून चकचकीत, नवे स्टिकर लावलेला. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले, ‘आय-सेव्हन आहे, सगळ्यात वरचा.’ ते खोटे नव्हते. पण तो आय-सेव्हन चौथ्या पिढीचा, म्हणजे दहा वर्षांपेक्षा जुना होता. सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागत आणि चार्जर काढला, की पंधरा मिनिटांत बंद पडे. मुलीचे प्रॅक्टिकल अडले. चाचांनी दोन सणांच्या शिलाईचे पैसे त्यात घातले होते. असे पुन्हा कोणाचे होऊ नये म्हणून लॅपटॉपचे ‘दात’ कसे बघायचे, ते आधी सांगतो.

इंटेलच्या प्रोसेसरवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन असे लिहिलेले असते. ते झाले घराणे. त्याच्यापुढे जो आकडा असतो, तो वय सांगतो. आय-फाइव्ह ८२५० असेल तर पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी. आय-सेव्हन ४६०० असेल तर चौथी. आकड्याची सुरुवात एकने होत असेल तर पहिले दोन अंक मिळून वाचायचे. १०२१० ही दहावी पिढी, ११३५ ही अकरावी. म्हणून आठव्या पिढीचा आय-फाइव्ह हा चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा बहुतेक कामांत सरस ठरतो. घराणे मोठे आणि दात गेलेले, असा बैल कोण घेईल?

आठव्या पिढीचाच आग्रह का? त्यामागे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची जी सोय जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढचे विंडोज ११ कोणत्या प्रोसेसरवर चालेल, याची यादी कंपनीने दिली आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली, म्हणून साधारण २०१८ नंतरची यंत्रे बघावीत. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ३००० क्रमांकापासून पुढे बघावे आणि यादीत नाव पडताळून घ्यावे. शिवाय यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. काही दुकानांत जुन्या यंत्रावर खटपट करून विंडोज ११ बसवून देतात. ते चालते, पण त्याला पुढचे अपडेट मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारचे कागद ज्या यंत्रावर होणार, त्याला ही सुरक्षा हवीच.

दात झाले, आता ठेवण. लॅपटॉपच्या दोन जाती आहेत. एक घरगुती ग्राहकासाठी केलेली. ती दिसायला देखणी असते, पण तिची बिजागरी आणि प्लास्टिक बहुधा नाजूक असते. दुसरी कचेऱ्यांसाठी केलेली. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक व प्रोबुक ही या दुसऱ्या जातीची नावे. थिंकपॅड ही मूळ आयबीएमची, १९९२ सालची. २००५ मध्ये आयबीएमचा हा व्यवसाय लेनोवोने घेतला. मोठ्या कंपन्या असे शेकडो लॅपटॉप एकदम घेतात किंवा भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी बदलून टाकतात. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेला हा माल मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून आपल्यापर्यंत येतो. ही यंत्रे दिसायला काळी, ओबडधोबड असतात, पण रोज आठ-दहा तास वापरण्यासाठी केलेली असतात. त्यांचे सुटे भाग मिळतात. ती कशी उघडायची याची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत असते, म्हणून गावातला दुरुस्ती करणारा पोरगाही तिला हात घालू शकतो.

उघडता येणे ही टिकण्याची मोठी खूण. बॅटरी, रॅम आणि डिस्क या तीन गोष्टी बदलता येतात का, हे विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच डकवलेली असते, ती वाढवता येत नाही. २०१८ चा थिंकपॅड टी-४८० घ्या. त्यात रॅमसाठी दोन जागा आहेत, एक बॅटरी आत आहे आणि दुसरी बाहेरून काढता येते. आठ वर्षांनीही लोक तो शोधत येतात, ते यामुळेच. रॅम निदान ८ जीबी हवी, १६ असली तर उत्तम. ‘आता चार घ्या, पुढे वाढवा’ या सल्ल्यावर जाऊ नका. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीचा माल मोठ्या प्रमाणावर उचलल्याने रॅमचे भाव चढले. यंत्रात आधीच असलेली रॅम स्वस्त पडते.

डिस्क एसएसडीच हवी. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते. यंत्र चालू असताना धक्का बसला, की ती दुखावते. एसएसडीत फिरणारे काही नसते, आणि लॅपटॉपच्या वेगात जो फरक पडतो तो तर लगेच जाणवतो. दप्तरात लॅपटॉप घालून रोज एस.टी.ने जालन्याला जा-ये करणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट महत्त्वाची.

आता चालवून बघणे. दुकानात अर्धा तास बसायची तयारी ठेवा. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. दुकानदाराला ‘बॅटरी रिपोर्ट’ काढायला सांगा. विंडोजमध्येच ती सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता, असे दोन आकडे येतात. मूळ पन्नास हजार आणि आज तीस हजार असेल, तर साठ टक्के जीव उरला आहे. तेवढ्याने भाव पाडून मागता येतो. कळफलकावरचे प्रत्येक बटण दाबून बघा. स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग बघा. झाकण दहा वेळा उघडा-मिटा, बिजागरीतून करकर आवाज येतो का ऐका. कॅमेरा, माइक, वायफाय, प्रत्येक यूएसबीची जागा तपासा. एक व्हिडिओ वीस मिनिटे लावून ठेवा. यंत्र फार तापले, पंखा घरघरला किंवा ते बंद पडले, तर समजून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. थंड दुकानात जे तापते, ते पत्र्याच्या घरात टिकणार नाही.

एक तपासणी फार कोणी करत नाही, ती आवर्जून करा. कचेरीतून आलेला लॅपटॉप कधी कधी त्या कंपनीच्या नावाला बांधलेला असतो. दुकानदाराला तुमच्यासमोर विंडोज पूर्ण रीसेट करायला सांगा आणि पुन्हा सुरू होताना फोनच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट जोडा. पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिचा पासवर्ड मागितला गेला, तर ते यंत्र तिथेच ठेवा. सुरुवातीच्या बायोसला पासवर्ड आहे का, तेही बघा. हे कुलूप मागाहून उघडणे फार कठीण.

मग कागद. पक्के बिल घ्या. त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो यंत्राच्या पाठीवरच्या व बायोसमधल्या नंबराशी जुळवा. तीन-सहा महिन्यांची हमी असेल तर तीही बिलावरच लिहून घ्या, तोंडी नको. बिल नसलेला माल फार स्वस्त मिळत असेल तर जास्तच सावध व्हा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात पोलीस ठाण्यापासून व्हायला नको. चार्जर त्याच यंत्राच्या शक्तीचा आणि चांगल्या कंपनीचा घ्या. विजेचा लपंडाव चालतो तिथे अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या जोडणीवरच तो लावा. जमवलेल्या पैशांतला पाचवा-सहावा हिस्सा नवी बॅटरी, चार्जर यांसाठी राखून ठेवा. सगळे पैसे दुकानात मोकळे करू नका.

ज्यांच्या घरात जुन्या पिढीचा लॅपटॉप आधीच पडून आहे, त्यांनी तो भंगारात घालण्याची घाई करू नये. त्यात एसएसडी बसवून लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते. लिनक्स मिंट, उबुंटू ही त्यातली प्रचलित नावे. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्तीही केली आहे. तिच्यात मराठीची सोय आहे. लिबरऑफिसमध्ये पत्र, अर्ज, कविता सगळे मराठी युनिकोडमध्ये लिहिता येते. शिंपीचाचांच्या मुलीच्या लॅपटॉपला हाच उपाय केला. तो आता मिनिटभरात सुरू होतो, आणि तिचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास त्यावर चालतो. मात्र टॅली, ऑटोकॅडसारखे काही शिकायचे असेल तर विंडोजच लागते. म्हणून खरेदीआधी महाविद्यालयात विचारून घ्यावे, की कोणते सॉफ्टवेअर लागणार आहे. एवढी एक विचारपूस केली तरी निम्मी चूक टळते.

शेवटी विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. पैगंबरसाहेबांची एक गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. ते बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत ओले निघाले. पाऊस लागला, असे व्यापारी म्हणाला. त्यावर त्यांनी त्याला सांगितले, की मग ओले धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे. जुना माल विकणे हा चांगला धंदा आहे. पण बॅटरी दमली असेल, बिजागरी सैल असेल, तर तसे सांगून आणि भाव कमी करून विकावे. आपल्या घरातलाही लॅपटॉप पुढे कधी तरी दुसऱ्याच्या मुलाकडे जाणार आहे. तेव्हा त्यातली आपली माहिती पूर्ण पुसावी, बिल त्याच्यासोबत द्यावे आणि काय बिघडलेले आहे, ते आपणच आधी सांगावे. घेणारा बहुधा आपल्यासारखाच, भिशीचे पैसे मोजणारा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)