मोडलेल्या हाडाचे शेजारी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत गोटमार होते. पात्रात रोवलेले पळसाचे झाड मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. डोके फुटल्याची बातमी होते, आणि ते योग्यच आहे. हातापायाला लागलेल्या दगडाची बोळवण मात्र ‘हाड मोडले’ किंवा ‘मुका मार आहे’ एवढ्यावर होते. संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडलेला लोधीखेड्याचा मजूर असो वा नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर घसरलेला दुचाकीस्वार, त्यांच्याही इजांबाबत हेच घडते, आणि निदानातली चूक बहुधा मोडलेल्या हाडापाशी नव्हे, तर त्याच्या शेजारच्या सांध्यात किंवा चेतातंतूत राहून जाते.

डोक्याकडे येणारा दगड चुकवताना माणूस नकळत हात आडवा धरतो, तेव्हा करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना, पुढे येते. कोपरापासून मनगटापर्यंत कातडीखाली बोटाने चाचपता येणारे हे हाड स्नायूंचे पुरेसे आवरण नसल्यामुळे थेट फटक्याने मोडते, आणि इंग्रजी वैद्यकात या अस्थिभंगाला चक्क पोलिसी दंडुक्याचे नाव आहे. परंतु अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस ही हाडे दोन्ही टोकांना सांध्यांनी व मध्ये चिवट पडद्याने बांधलेली असल्यामुळे एक हाड मोडून वाकले की ताण दुसऱ्यावर येतो, आणि रेडियसचे वरचे टोक कोपरात निखळू शकते. इटलीतील शल्यवैद्य मोंतेज्जा यांनी ही जोडइजा 1814 मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, वर्णिली. आज यंत्र हाताशी असूनही ती निसटते, कारण छायाचित्र फक्त दुखऱ्या जागेचे काढले जाते. मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा सांधा छायाचित्रात आलाच पाहिजे, आणि रेडियसच्या मानेतून ओढलेली रेषा दंडाच्या हाडाच्या कोपराकडील गोल टोकाच्या मध्यातून गेली पाहिजे. लहान मुलांत याकडे दुर्लक्ष झाले तर कोपर कायमचे बिघडू शकते.

याच निखळलेल्या टोकाला लगटून रेडियल चेतातंतूची खोल शाखा जाते. ती दुखावली तर मनगट उचलता येते, पण ते अंगठ्याच्या बाजूला कलते, बोटे मुळातून सरळ होत नाहीत आणि स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते. मूळ चेतातंतू वर दंडाच्या हाडाला वळसा घालतो, तिथे तो दुखावला तर मनगटच लोंबते आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या पाठीमागच्या त्वचेला बधिरता येते. इजा नेमकी कुठे झाली हे कोणत्याही यंत्राशिवाय, रुग्णाला मनगट व बोटे उचलायला सांगून, दोन मिनिटांत कळू शकते. हाड बसवण्यापूर्वी व बसवल्यानंतर ही तपासणी करून ती लिहून ठेवली नाही, तर तंतू दगडाने दुखावला की उपचाराने, हा वाद मागाहून सुटत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला या हाडाच्या मानेवर चेतातंतू अल्नासारखाच उघड्यावर असतो. तिथे दगड लागला तर हाड शाबूत असूनही पाऊल लोंबते, आणि त्याला ‘मुका मार’ म्हणून तेल चोळत बसणे घातक ठरते. पडताना हात टेकल्यावर ‘मुरगळलेले’ मनगटही असेच फसवे असते: अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिले छायाचित्र स्वच्छ असले तरी स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडले असे धरून आधार द्यावा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा पाहावे, कारण त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरतो व ते मधोमध, म्हणजे त्याच्या ‘कमरेत’, मोडल्यास मागचा तुकडा मरू शकतो.

हाडवैद्याच्या घट्ट बांधलेल्या कामट्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आवळलेले प्लास्टरही तितकेच वाईट. रक्त न पोचल्याने स्नायू आखडतात हे जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी 1881 मध्येच दाखवले होते. बोटे दुसऱ्याने सरळ करताच असह्य कळ येत असेल, तर नाडी लागत असली तरी बांधणी तत्काळ सोडून रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे.

दंडाच्या बंद, म्हणजे कातडी न फाटलेल्या, अस्थिभंगात दुखावलेला रेडियल चेतातंतू बहुतेक वेळा तुटलेला नसतो, म्हणून घाईने चिरफाड करण्याऐवजी मनगटाला आधार देऊन वाट पाहिली जाते. आतले धागे तुटून बाहेरचे वेष्टन टिकले असेल तर वाढ दिवसाला साधारण 1 मिलिमीटर होते, आणि मनगट उचलण्याआधी कोपर वाकवताना अंगठ्याच्या बाजूचा स्नायू हाताला ताठ लागू लागतो.